त्या चार मात्रा

शैले,

कावळ्याला एवढी घाई कसली होती गं? दहाव्याला गंगेवर पिंड मांडून तुझा भाऊ चार पावलं मागे सरकला नाही तोच तो उतरला आणि चोच मारून मोकळा झाला. गुरुजीसुद्धा म्हणाले, "लगेच शिवला. काही इच्छा मागे राहिली नव्हती." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र चिडले. मला वाटलं होतं, तुझ्यासारख्या हट्टी बाईचा कावळा तासभर तरी अडून बसेल. लोक एकेक करून पुढे होतील, आईला सांभाळू म्हणतील, भावाच्या पोरांचं बघू म्हणतील, तरी तो हलणार नाही. मग सगळ्यांत शेवटी मी पुढे होईन, बारा वर्षं पोटात ठेवलेलं एक वाक्य पिंडापाशी हळूच बोलेन, आणि तेव्हा कुठे तो शिवेल. असं सगळं मनात जुळवून आले होते. तुझी इच्छा राहिली नव्हती म्हणे. राहिली होती ती माझी, आणि माझ्या इच्छेसाठी कोणता कावळा ताटकळणार? म्हणून आता हे लिहीत बसलेय.

तुझी जन्मतारीख, नोकरी, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या भावाने पेपरात दिलंय. चार ओळी आणि एक फोटो. फोटो खाकीतला आहे, गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी. बँडचा एका अक्षराने उल्लेख नाही. वाचून मला राग आला आणि मग हसू आलं. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोंधळ ज्या बँडमध्ये झाला, तो त्या चौकटीत कसा मावणार होता?

तुला आठवतं ना, तू आमच्या मळ्यात पहिल्यांदा आलीस तो दिवस? अकरावीत आपण एका बाकावर बसायचो. तू देवळाली कॅम्पातल्या शिंप्याची पोर, मी मखमलाबादच्या फुलवाल्यांची. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले थापासर कॅम्पात मुलामुलींचा ब्रास बँड काढतायत, आणि त्यांच्याकडे पोटाशी धरायचं एक मोठं पितळी वाद्य पडून आहे, नाव युफोनियम, त्याला फुंकणारं कोणी मिळत नाही, हे तू मला भूगोलाच्या तासाला सांगितलंस. वाद्यं दोन होती. एक तू घेतलं होतंस. दुसऱ्यासाठी तुला मी हवी होते, कारण शाळेत शिट्टी वाजवण्यात माझा हात, म्हणजे तोंड, कोणी धरत नव्हतं.

आण्णा तेव्हा शेवंतीला पाणी देत होते. माझ्या वडिलांशी बोलताना भले भले चाचरायचे. तू सरळ वाफ्यात शिरलीस.

"पोरीच्या जातीनं तोंडानं बाजा वाजवायचा?" आण्णा म्हणाले. "गाल फुगवून? उद्या हिला करील कोण?"

"गाल फुगवायचेच नसतात, आण्णा. ज्याचा गाल फुगला त्याला सर छडी मारतात."

आण्णांना ते पटलं नाही. त्यांनी फावड्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि पाठमोरेच बोलले, "पाडव्याला तुमचा कार्यक्रम हाय ना गंगेवर? तवर जाऊ द्या. पर येक सांगतो. हिच्यापायी लोक हसले, नाव ठिवलं कुणी, तर दुसऱ्या दिवसापून बाजा बंद. मंग फुलं वेचायची." मी मान डोलवली. तू वाफ्यातून बाहेर येताना दोन शेवंत्या तुडवल्यास, त्याबद्दल आण्णा पुढे वर्षभर बोलत होते.

थापासरांनी आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर श्वास चोरायला. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी एक संथ चाल बसवली होती. पुढच्या ओळीतले कॉर्नेटवाले त्यांच्या छोट्या कर्ण्यांवर ती चाल वाजवायचे, आणि तिच्याखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच खालचा सूर धरायचा, सनईच्या मागे सूर देणारा धरतो तसा. ते काम आपल्या दोघींचं. एका छातीत तेवढी हवा मावणं शक्यच नाही. म्हणून दोघींनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, एक घेत असताना दुसरीने सूर धरून ठेवायचा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की एकच माणूस न थांबता वाजवतंय. "साँस चोरी से घ्यायचा," सर म्हणायचे. "दोघींनी एकदम घेतला, तर समझो छत गिर गया."

तोंडात वाद्य, हात खटक्यांवर, डोळे सरांच्या छडीवर. मग एकमेकींना सांगायचं कसं? ती युक्ती तुझी. जिला श्वास घ्यायचा तिने शेजारणीच्या बुटावर बुटाचं टोक दाबायचं. म्हणजे, 'येते.' जिचा बूट दाबला तिने मनात म्हणायचं, 'सावकाश ये.' आणि पहिली परत येईपर्यंत काय वाटेल ते झालं तरी सूर सोडायचा नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी नाही. हा एवढा एकच नियम होता आपल्यात.

महिनाभरात आपण इतक्या तयार झालो की सरांनी डोळे मिटून ऐकलं तरी त्यांना कोण कधी चोरतंय ते कळेना. निदान मला तेव्हा तसं वाटायचं. आपलं भांडण व्हायचं ते भलत्याच गोष्टीवरून. तू वाद्य चिंच-मीठ लावून घासायचीस, देवघरातली समई घासतात तसं, आणि सर ओरडायचे. तू म्हणायचीस, "पितळ ते पितळ, सर. त्याला काय माहीत आपण फौजेतलं आहोत की देवघरातलं." मी सरांच्या बाजूने बोलायचे. आज कबूल करते, तुझंच वाद्य जास्त चमकायचं.

आणि मग शहाण्णव सालचा पाडवा. सकाळी साडेसहाला आपण सगळे गंगेवर. तुझ्या वडिलांनी शिवलेले पांढरे गणवेश, खांद्याला लाल पट्टी. कॅनव्हासचे बूट खडू पाण्यात कालवून रंगवलेले. घाटावर उन्हं नुकती उतरत होती, कडुलिंबाला मोहर आलेला, माणसं साखरेच्या गाठी घेऊन पायऱ्यांवर बसलेली. मी एकदाच सगळीकडे नजर फिरवली. आण्णा येणार नव्हतेच. पाडव्याला दारोदार गुढ्या, गुढ्यांना झेंडू, त्यांच्या धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस. "फुलबाजार टाकून बाजा ऐकाया येऊ व्हय मी?" असं पहाटे तीनदा म्हणून ते गेले होते.

आपण मंचावर चढणार तेवढ्यात टोपीवाले एक काका आडवे आले. "पोरांनो, वर गुढी उभारलीय, पूजा झालीय. बूट खाली काढा."

सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा गुढीकडे. मग म्हणाले, "काढा. मोजेभी." तीस पोरांनी मंचाखाली बूट काढले. इतक्या मेहनतीने खडू लावलेले ते बूट तिथे रांगेत राहिले, आणि आपण गणवेशात, अनवाणी, वर. तुझ्या-माझ्या कोणाच्याही मनात आलं नाही की आपली खूण बुटाची आहे.

पहिली दोन कवायतीची गाणी झकास झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती संथ चाल. पहिल्या सोळा मात्रा सूर तुझा-माझा एकजीव होता, अजून आठवला की अंगावर काटा येतो. आता पहिला श्वास तुझा होता. आणि बरोबर तेव्हा मला घाटाच्या पायरीवर आण्णांची टोपी दिसली.

रिकामी पाटी काखेत, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. धंदा सोडून आले होते. मान वर करून आपल्या ओळीत मला शोधत होते.

मी फुंकायचं विसरले, शैले. एवढंच झालं. दम संपला नव्हता, ओठ सुटले नव्हते. वाद्य तोंडाला तसंच होतं, फक्त त्यात हवा जात नव्हती. आणि त्याच क्षणी तुझा पाय माझ्या पायावर आला. 'येते.' तू निश्चिंत श्वास घ्यायला गेलीस.

पण पाय उघडा होता. उघडा पाय उघड्या पायाला लागला की आपल्याकडे काय होतं ते काय सांगायचं. पुस्तकाला लागला, माणसाला लागला, हात आपोआप जातो. तुझाही गेला. खटक्यांवरून सुटला, वाकून माझ्या गुडघ्याला लागला आणि तिथून तुझ्या छातीला. वाजवता वाजवता, भर मंचावर, तू मला नमस्कार केलास!

चार मात्रा. मी मोजल्या आहेत, बारा वर्षं मोजतेय. चार मात्रा खाली सूरच नव्हता. कॉर्नेटवाल्यांची चाल बिचारी एकटी उघडी पडली, एकाने तर घाबरून मागे वळून बघितलं. मग तू आणि मी एकदमच सूर पकडला, इतका जोरात की गुढीवरचा तांब्या हलला असं तू नंतर सांगायचीस. गाणं पूर्ण झालं. पण लोक हसत होते. घाटभर हसत होते. त्यांना सूर वगैरे काही कळला नव्हता. त्यांना दिसला होता तो तुझा नमस्कार.

मंचामागे सर आले. त्यांचा चेहरा लाल. "कौन था?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी बघितलं खाली, पायांकडे. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, लोक हसले तर बाजा बंद. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी नाही उघडलं.

"माझा हात सुटला, सर," तू म्हणालीस. "पाय लागला म्हणून."

पुढच्या रविवारी मी सरावाला आले, तर तुझ्या खुर्चीवर दुसरा मुलगा होता आणि तू मोठ्या ढोलामागे उभी होतीस. ढोल तुझ्याहून रुंद. मला त्याच्या वरून फक्त तुझी भांग पाडलेली टाळू दिसत होती. "बरं झालं," तू म्हणालीस, "इथे श्वास कधीपण घेता येतो." मी हसले. त्या हसण्याची मला आज इतकी लाज वाटते की लिहितानाही पेन थांबतो. ते वाद्य तुला किती आवडायचं हे मला ठाऊक होतं. चिंच लावून घासायचीस तू ते.

आणि आण्णा? तुला सांगितलं होतं की नव्हतं मी, आता आठवत नाही. बहुतेक अर्धंच सांगितलं. त्या दिवशी घरी गेले तेव्हा ते पाटी झटकत होते. मी उभीच राहिले, शिक्षा ऐकायला. ते म्हणाले, "ती कॅम्पातली पोरगी. येवढ्या लोकांत, बाजा वाजवता वाजवता बी पाय लागला म्हणून नमस्कार करती. आईबापानं वळण लावलंय. असल्या पोरींच्यात हायेस तर जा खुशाल." मग पाटी भिंतीला लावून, "लोक हसले ते येडे हायेत. त्येंना काय कळतंय." बघ म्हणजे. ज्या नमस्काराने तुझं वाद्य गेलं, त्यानेच मला माझं मिळालं. मी तुला फक्त एवढंच सांगितलं, आण्णा हो म्हणाले. तू ढोलावर जोरात एक टोला दिलास.

त्यानंतर दर पाडव्याला आपलं तेच भांडण. गंगेवर जायचं, गाठी घ्यायची, पायरीवर बसायचं, आणि तू खटला उघडायचीस. "बोल मंगे. माझा हात सुटला, मान्य. पण मी श्वास घेत होते. श्वास घेताना हात कुठे का असेना! मग तुझा सूर कुठे होता?"

"तुझ्या नमस्कारात. दचकले मी."

"नमस्कार पायानंतर झाला. सूर पायाच्या आधी गेला होता."

"तुला काय ऐकू येतंय? तू हवा ओढत होतीस."

"तेच म्हणते. मी हवा ओढत होते, आणि शेजारी शांतता होती."

मग तू हसायचीस, गाठीतलं एक पदक तोडून माझ्या तोंडात कोंबायचीस, आणि खटला पुढच्या पाडव्यापर्यंत तहकूब. मला वाटायचं तू चिडवतेस. दरवर्षी मला वाटायचं, सुटले बाई.

तू पेठच्या गाडीवर कंडक्टर झालीस तेव्हाही रविवारची सुट्टी मागून सरावाला येत राहिलीस. तुझी घंटी ओळखू यायची म्हणे. दोन टोले सगळेच देतात, तू ते तालात द्यायचीस. लग्नाचं कोणी विचारलं की म्हणायचीस, "गाडी फुल आहे, मागच्या गाडीने या." मी शाळेत मास्तरीण झाले, संसार झाला, तरी आपली खूण तीच राहिली. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाकडच्यांनी मला गायला सांगितलं, तेव्हा सतरंजीवर तुझ्या पायावर माझा पाय गेला. 'येते.' तू लगेच त्या लोकांना पेठच्या घाटातल्या गाडीची एवढी लांबलचक गोष्ट सांगितलीस की ते गाणं विसरले.

आणि आण्णा गेले त्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं, मी कोपऱ्यात दगडासारखी. तू गाडीवरून तशीच खाकीत आलीस, माझ्या शेजारी बसलीस, आणि माझ्या पायावर पाय ठेवलास. खुणेचा अर्थ उलटा होता तेव्हा. तू मला जायला सांगत होतीस. मी धरते, तू घे श्वास. मग मी रडले. आलेल्यांना चहा, कोणाला कळवायचं, स्मशानात कोण कोण, सगळं तूच बघितलंस. तेव्हा तरी सांगायचं मी. आण्णाच राहिले नव्हते, आता कसली भीती होती? पण तोवर ते खोटं इतकं जुनं झालं होतं की खरं सांगायचं म्हणजे आधी इतकी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. माणूस असा अडकतो बघ.

दवाखान्याबद्दल लिहीत नाही. तीन आठवडे. ते तुझे नव्हतेच. फक्त शेवटची भेट. तुझी आई बाटलीत पाणी भरायला गेली होती. मी तुझ्या पायथ्याशी बसले होते. तू बारीक आवाजात म्हणालीस, "या वर्षी खटला इथेच चालवू या का?"

मी म्हटलं, "शैले, मला तुला काहीतरी..."

"आता नको. पाडव्याला." आणि चादरीतून पाय बाहेर काढून तू माझ्या तळहातावर अंगठा दाबलास. माझा हात आपोआप छातीशी गेला. तू हसलीस, खोकलीस, पुन्हा हसलीस. "झाली फिट्टंफाट," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. पाडव्याला सतरा दिवस होते.

तर त्या दिवशी गंगेवर कावळा असा फटकन उडून गेल्यावर मी पायऱ्यांवर बसून राहिले. थापासर आले होते. आता त्यांना काठी लागते. शेजारी टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला राहवलं नाही. तुला सांगायचं ते मी त्यांना सांगितलं. "सर, त्या पाडव्याला सूर माझा गेला होता. शैलाचा नाही."

त्यांनी काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मालूम है."

"कधीपासून?"

"अरे बेटा, मी बँडमास्टर आहे. कोणाचा सूर गेला ते मी हात बघून सांगणार का? कान कशाला आहेत?"

"मग तिला ढोलावर का टाकलं?"

"मी नाही टाकलं. ती आली होती माझ्या घरी, दुसऱ्याच दिवशी. बोली, सर, लोकांनी हात माझा बघितला, तर मलाच काढा. मंगलला हलवलं तर लोक विचारणार, आणि तिच्या वडिलांनी अट घातलीय. मी बोललो, झूठ कशाला? तर बोली, झूठ नाही सर, थोडे दिवस. मंगल खुद सांगेल. तुम्ही बोलू नका." सरांनी टोपी उलटी करून आत बघितलं, जणू बाकीचं तिथे लिहिलेलं होतं. "मी दर वर्षी विचारायचो तिला, सांगितलं का? ती बोलायची, पुढच्या पाडव्याला."

म्हणजे ते चिडवणं नव्हतं, शैले. दरवर्षी गाठी हातात घेऊन तू मला एक दार उघडून देत होतीस, आणि मी दरवर्षी ते लावून घेत होते. मला आधी तुझा राग आला. तू सरळ दोन थोबाडीत का नाही दिल्यास? एवढं कशाला जपायचं कोणाला? मग घरी जाऊन मी वाद्य काढलं आणि चिंच-मीठ लावून घासलं. घासता घासता खूप रडले. राग गेला. आता जे उरलंय त्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. आभार म्हणायला गेलं तर फार थोटकं वाटतं.

पण एक काम राहिलं होतं. तुला ठाऊकच आहे, त्या पाडव्यानंतर सरांनी आपल्या बँडमध्ये एक रीत पाडली. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सराव अनवाणी करायचा. आणि वाजवायला बसण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याच्या पायाला पाय लावायचा, वाकून नमस्कार करायचा, म्हणजे वाजवताना हात सुटायला नको. नमस्कार आधीच करून ठेवायचा. आता पोरांना ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यांना वाटतं सगळ्या जगातले बँड असंच करतात.

आणि दरवर्षी नवी पोरं विचारतात, हे का करायचं? दरवर्षी गोष्ट सांगते मी, कारण सरांच्या हाताखाली आता मीच शिकवते. "एकदा काय झालं, एका मुलीने वाजवता वाजवता नमस्कार केला, आणि सूर तुटला." पोरं खो खो हसतात. ढोलामागून तू हात वर करायचीस, "ती मीच!" आणि कमरेत वाकून सलाम ठोकायचीस. वाकून वर येताना माझ्याकडे बघायचीस. मी नजर वळवून पोरांना म्हणायचे, चला, बसा आपापल्या जागेवर.

काल तो रविवार होता. पाडवा चार दिवसांवर आला. शेडमध्ये तीस-बत्तीस पोरं, बूट बाहेर रांगेत. ढोलावर नवीन मुलगा. माझ्या शेजारी दुसऱ्या युफोनियमवर सुरेखा, तूच तुझ्या गाडीतून आणलेली पेठकडची मुलगी. गाडीत शिट्टी वाजवत होती म्हणून तू तिला तिकीट फाडायच्या आधी नाव विचारलं होतंस. ती गेले दोन आठवडे माझ्याशीसुद्धा नीट बोलत नाही. सगळ्यांनी पायाला पाय लावले, नमस्कार केले. आणि पुढच्या ओळीतल्या एका नव्या पोराने विचारलं, "बाई, हे कशाला?"

सरांनी छडी खाली ठेवली.

मी म्हटलं, "बारा वर्षांपूर्वी पाडव्याला गंगेवर सूर तुटला, म्हणून. दोघी जणी सूर धरत होत्या. एकीने पायाने खूण केली आणि श्वास घेतला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. दुसरीने सूर धरायचा होता, तिने तो सोडला. ती दुसरी मी. नाव मात्र पहिलीचं झालं, कारण तिचा नमस्कार लोकांना दिसला. मी गप्प बसले. तुम्हाला आणि तुमच्याआधीच्या सगळ्यांना मी ही गोष्ट चुकीची सांगितली."

कोणी हसलं नाही. माझे कान गरम झाले होते, अगदी सोळा वर्षांची असल्यासारखे.

सुरेखा माझ्याकडे बघत होती. "शैलाताईंना माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या बोलल्या का नाहीत कधी?"

मी काही ठरवून आले नव्हते. तोंडातून आलं ते असं. "ती सूर धरून बसली होती. मी परत येईपर्यंत."

सुरेखाने मान खाली घातली आणि वाद्य पोटाशी ओढून घेतलं. सरांनी छडी उचलली. तीच संथ चाल. सोळा मात्रा आम्ही दोघींनी मिळून सूर धरला, आणि मग तिचा अनवाणी पाय, थंडगार, माझ्या पायावर आला. माझा हात जागचा हलला नाही. समोर शेडच्या दारात उन्हात पोरांचे बूट रांगेने ठेवलेले दिसत होते आणि मी फुंकत राहिले.

उशीर झाला, पण आले गं मी, शैले. सूर धरलाय. सावकाश ये.

तुझी,
मंगल